कास्टिंग व्होट

बंद पडलेलं घड्याळ. टेबलाखाली पेढ्यांचा डबा. फळ्यावर चार आणि चार.

तिवशाजवळच्या एका गावात उपसरपंचपदासाठी जानराव आणि वासुदेव यांना सारखीच मतं पडली. ग्रामसेवक म्हणाले, "आता सरपंच रागिणीताईंचं कास्टिंग व्होट."

जानरावांना तो शब्दच खटकला. त्यांनी शेजारच्या ललितला कोपरानं ढोसलं. "कास्टिंग म्हंजे काय बे?"

"कास्ट म्हंजे जात न, भाऊ."

"मंग गेलं आपलं. बाई बौद्धपुऱ्यातली. ते कायले देते आपल्याले?"

रागिणीताईंनी वासुदेवचं नाव घेतलं.

"पायलं का? जातीवरच गेली," म्हणत जानराव तावातावानं बाहेर पडले.

***

वासुदेव हा जानरावांचा सख्खा चुलतभाऊ.