बरगडीचा आवाज

चित्रकथेत मुखवटेवाला नायक गुंडाची बरगडी मोडतो, तेव्हा ‘कडाड’ ही अक्षरं अर्धं पान व्यापतात. सिनेमातही तेवढाच दणदणीत आवाज दिग्दर्शकसाहेबांना हवा होता, आणि तो आजच्या आज हवा होता. आवाज तयार करणाऱ्या कारागिरानं सकाळपासून ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीभर गाजरं मोडली, कोबीचे गड्डे ठेचले, पण साहेबांचं आपलं एकच पालुपद, “अजून मोठा!”

शेवटी एकदाचा मनासारखा कडाका निघाला. काचेपलीकडे साहेबांनी टाळ्या वाजवल्या. घाम पुसत कारागीर, चुरा झाडायला आलेल्या मावशींना म्हणाला, “काय मावशी, झालं की नाही काळजाचं पाणी?”

“झालं हो दादा,” झाडता झाडता मावशी हसल्या. “पण बरगडी काही एवढी वाजत नाही.”

“अरे वा! डॉक्टरीणबाई कधीपासून झालात?”

“कसली डॉक्टरीण!” एका कुशीवर हात दाबून मावशी हळूहळू सरळ झाल्या. “एवढी वाजली असती, तर शेजारी धावून आले नसते का?”