लिंबाचे दिवे

"उद्या मला चाळीस वर्षं पुरी होतील," मुकुल म्हणाला. "आजचा दिवस निभावला की सुटलो."

"कशातून?" डॉक्टर वासुदेवांनी विचारलं. ते मनोविश्लेषक, मूळचे बेळगावकडचे, म्हणून त्यांच्यापुढे मुकुलला घरच्या भाषेत बोलता येई.

उत्तर त्यांना पाठ होतं. मुकुलचे आजोबा चाळीस पुरी व्हायच्या आत घर सोडून गेले. निपाणीला तंबाखूच्या वखारीत जाऊन येतो म्हणाले, ते आलेच नाहीत. वडीलही त्याच वयात चिकपेटच्या बाजारात बायकोची साडी बदलून आणायला गेले आणि साडीसकट नाहीसे झाले. दोघांचंही घरात कुणाशी काही वाजलेलं नव्हतं. मुकुलला धसका होता तो याचाच. आपणही एक दिवस असेच, काही कारण नसताना, चालू पडू.

लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्यानं हे नयनाला सांगून टाकलं होतं. मग दोघांनी मिळून बंदोबस्त केला. रिकामं घर दिसलं तर आपले पाय मागे वळतील असं त्याला वाटे, म्हणून तिनं आनेकलच्या शाळेतली नोकरी सोडली. तो संध्याकाळी घरात आला की दाराला आतून कुलूप लागे आणि किल्ली तिच्या कमरेला जाई. माहेरी जाणं तर तिनं केव्हाच बंद केलं, कारण मुकुलवर लक्ष ठेवायला दुसरं होतं कोण? मुकुल एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता. अशी बायको मिळायला भाग्य लागतं, हे तो तिथं चारचौघांत सांगे, आणि अगदी मनापासून सांगे.

अलीकडे ती दर मंगळवारी बनशंकरीच्या देवळात जाऊन राहुकाळात दिवे लावत होती. पिळलेल्या लिंबाच्या वाट्या उलटवायच्या, त्यांत तूप-वात घालायची आणि देवीसमोर मांडायच्या. कशासाठी, हे मुकुलनं कधी विचारलं नाही. विचारायची गरजच काय, असं त्याला वाटे.

"ज्याची भीती वाटते, त्याची कधी कधी ओढही असते," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला जायचंय का?"

मुकुल म्हणाला, "माझ्या हातात असतं तर सांगितलं असतं."

"हातात नाही असं धरून चालणं, हेही तुम्हीच ठरवलंय. वडील गेले, ते त्यांचं. जा नाहीतर राहा, पण ठरवा तुम्ही. सरी? पटतंय ना?"

बाहेर पडून मुकुल बसस्टॉपवर थांबला. आनेकलची बस समोर येऊन उभी राहिली. दार उघडं होतं, कंडक्टर त्याच्याकडे बघत होता. त्यानं स्टॉपचा खांब घट्ट धरला. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला कुणीही ओढत नाहीये. बस निघून गेली. तो तिथंच उभा होता, आणि आपणहून उभा होता. इतकं हलकं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. कोपऱ्यावर त्यानं मोगऱ्याचा गजरा घेतला आणि जवळजवळ धावतच घर गाठलं.

नयनानं दार उघडलं. मंगळवार होता, तिच्या हातांना लिंबाचा वास येत होता. भिंतीशी माळ्यावरची मोठी बॅग काढून ठेवलेली होती.

"ही कशाला काढलीस?"

"धूळ झटकायला." ती कुलूप लावायला वळली.

"राहू दे. आता कुलूप नको," तो म्हणाला. "मी ठरवलंय, नयना. मी जाणार नाही. उद्या नाही, कधीच नाही. आणि हे माझं मी ठरवलंय."

तिनं गजरा घेतला नाही. कमरेची किल्ली काढून ती मुठीत धरली आणि हळूच बॅगेवर बसली.

"अगं, तुझे दिवे फळले," मुकुल हसून म्हणाला.

"नाही फळले." ती किल्लीकडे बघत होती. "लग्नात सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, या घरातले पुरुष चाळीस पुरी करत नाहीत, जातातच. त्याच भरवशावर मी एवढी वर्षं काढली."