आपल्या माणसाचं दुकान

"घाई कायला करती, माय?" उमाशंकर मामांनी लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं. "दिवाळीनंतर नवीन प्रोसेसर येणार हाय. आज घेतलेलं उद्या जुनं. थांब जरा. तोवर अक्षरा बी शाळेत जाईल."

सुकन्यानं अक्षराला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. शेवटचं वाक्य तिला खटकलं. परवा जेवताना नवऱ्यानं, मल्लिनाथनं, हेच म्हटलं होतं. आधी दिवाळी, मग प्रोसेसर, मग 'आज घेतलेलं उद्या जुनं', आणि शेवटी अक्षराची शाळा. याच क्रमानं.

मल्लिनाथ शेजारच्या खुर्चीवर चहा फुंकत होता. चहा कधीच निवला होता.

"मामा, सोमवारपासून काम सुरू होतंय माझं. घरूनच करायचंय, पण लॅपटॉप स्वतःचा पाहिजे म्हणाले. नसला तर दुसऱ्या कुणाला घेतील ते."

"घेऊ दे की. कामं काय, लई येतील."

कसलं काम, कुठल्या कंपनीत, हे मामांनी विचारलं नाही. लग्नाआधी तिच्या प्रत्येक परीक्षेचा निकाल सगळ्यांच्या आधी विचारणारे मामा.

लॅपटॉप त्यांच्या निलंग्यातही मिळत होता. तिनं बघूनही ठेवला होता, शिकवण्यांचे साठवलेले पैसे होते. मल्लिनाथच म्हणाला होता, "बाहेरचा दुकानदार गिऱ्हाईक बघून बोलतोय. लातूरला मामांकडं जाऊ. आपला माणूस खरं सांगंल." तिलाही ते पटलं. मिक्सर घ्यायचा असो की मोबाईल, आधी सोयऱ्याच्या दुकानाची पायरी चढायची, ही दोन्ही घरांची रीत. आणि हे तर मामा. अक्षता पडताना तिच्या पाठीशी उभे राहिलेले.

"रामराम शेठ!" दारात एक धोतरवाले गृहस्थ चप्पल काढायला लागले. मागे वेणी घातलेली लेक.

"राहू द्या पाटील, देऊळ न्हाई हे. या आत."

"रेणापूरहून आलो. सटवाजी पाटील म्हणतेत मला. पोरीचा इंजिनेरिंगला नंबर लागलाय." हे सांगताना त्यांनी दुकानातल्या सगळ्यांकडं पाहिलं, सुकन्याकडंही. "लॅपटॉप पाहिजे म्हणती. पण पुतण्या म्हणतोय, थांबा, दिवाळीनंतर नवीन प्रोसेसर येणार हाय. तुमी सांगा. घ्यावं का थांबावं?"

मामांचा हात आपोआप पुढं गेला. मघाशी मिटलेलं झाकण त्यांनी उघडलं.

"पाटील, म्हैस घ्यायला गेलात अन् पुढच्या वेताची वाट बघत बसलात, तर घरात दूध कवा येणार?"

सटवाजी खळखळून हसले. "हे बरं बोलला!"

"प्रोसेसर काय, दरसाल येतंय. जो थांबला तो थांबूनच राहिला. पोरीचं काम आज हाय ना? मग आजच घ्या. चार-पाच वर्षं बघायचं काम न्हाई..."

बोलता बोलता मामांची नजर सुकन्यावर गेली. पुढचं वाक्य ओठांतच राहिलं.

"तसलाच द्या," सटवाजी म्हणाले. पोरगी स्क्रीनवर वाकली आणि एकेका बटनावरून बोट फिरवायला लागली, न दाबता.

मल्लिनाथनं कप खाली ठेवला. "चल गं. निलंग्याची गाडी निघून जाईल."

"मामांशी तुम्ही कधी बोललात?"

"कायचं बोलणं?" त्यानं मामांकडं पाहिलं.

मामा तिच्याकडं वाकले. आवाज खाली आणला. "तुझ्या भल्याचंच हाय, माय. लेकरू लहान. दिवसभर तू मशिनपुढं बसल्यावर त्येच्याकडं कोण बघणार? जावई गेल्या आठवड्यात घरी येऊन बसले. आता जावयाचा शब्द मोडावा कसा?"

"मला तर उदगीरला जातो म्हणाले होते."

अक्षरानं टेबलावरचा माउस ओढला आणि त्याची वायर तोंडात घातली. सुकन्यानं ती काढली, तिचं तोंड पदरानं पुसलं. कोरडं झालं होतं, तरी अजून एकदा पुसलं. मग अक्षराला उचलून मल्लिनाथच्या मांडीवर ठेवलं.

"हिला धरा."

तिनं आपली खुर्ची ओढली. जावई-भाचीसाठी मामांनी काउंटरच्या आतल्या बाजूला मांडलेली खुर्ची. ती उचलून तिनं बाहेर नेली आणि सटवाजींच्या लेकीशेजारी ठेवून बसली.

"मामा, मी भाची न्हाई समजा. गिऱ्हाईक हाय." एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या बोलण्यात माहेरचा हेल आला. "आता सांगा. घेऊ का थांबू?"

मामांनी खिशातून रुमाल काढला. चष्मा पुसला.

सटवाजींना काही ठाऊक नव्हतं. ते आपल्याच आनंदात होते.

"सांगा की शेठ," ते म्हणाले. "बाईला बी ते म्हशीचं सांगा की."

मामांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सुकन्यावरची नजर काढून जावयाकडं पाहिलं.