तिसरा थेंब

हातावर गांध उठू नये म्हणून सगळी इमारत देव पाण्यात घालून बसली होती. हात ज्यांचा होता, त्या काकांना मात्र ती उठायला हवी होती.

"आज क्रम बदललाय हं काका," सिस्टर म्हणाल्या. "नवा मासा तिसरा."

मनगटापासून कोपराकडे त्यांनी चार थेंब ठेवले आणि प्रत्येकात सुई टोचली. काकांनी मान हलवली. तिसरा. लक्षात ठेवायला फार नव्हतं.

संशोधन केंद्राच्या मागच्या आवारात माशांच्या टाक्या होत्या. तिथले खाद्यवाले साहेब माशांना वेगवेगळं खायला घालून बघत होते. माशाच्या मांसातलं जे काही माणसांना बाधतं, ते खाणं बदलून कमी करायचं होतं. कमी झालं की नाही, हे सांगणार काकांचा हात. काकांना लहानपणापासून मासे बाधायचे. एक घास पोटात गेला की तोंड सुजायचं आणि अंगभर गांधी उठायच्या. कातडी तर इतकी नाजूक, की नुसतं नख ओढलं तरी रेघ फुगून यायची. या कातडीचा कोणाला उपयोग होईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

काका लिफ्टमन होते, एका मोठ्या कचेरीत. जन्मभर लोकांशी बोलले, पण मजल्यामजल्याने. गोष्ट जरा रंगात यायची आणि ऐकणारा उतरून जायचा. मग ते निवृत्त झाले, बायको गेली, मुलगा दूर राहायला गेला. आता अर्धवट बोलायलाही कोणी उरलं नव्हतं. घरात कधीकधी संध्याकाळी त्यांना स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकू यायचा, तोही खोकल्याचा.

इथे मात्र थेंब ठेवल्यावर तासभर बसायचा नियम होता. हातावर लक्ष ठेवायला सिस्टर समोर बसायच्या. डबा उघडून म्हणायच्या, "घ्या हो काका, मला एकटीला जात नाही." त्या तासात काका अर्ध्यावर राहिलेल्या गोष्टी एकेक करून पुऱ्या करायचे. दर मंगळवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून येत, आणि त्याची बाही वर सरकवताना त्यांना मोठं सुख वाटे.

पण गांध बारीक होत चालली होती. आधी कोटाच्या बटणाएवढी होती, मग शर्टाच्या बटणाएवढी झाली. मागच्या वेळी तर टाचणीच्या डोक्याएवढीच. "आज शून्य आलं की सुटलात, काका!" साहेब मघाशीच म्हणाले होते.

"मग? अडकली लिफ्ट?" सिस्टरनी विचारलं.

"अडकली की! दोन मजल्यांच्या मधोमध. आत फक्त मोठे साहेब आणि त्यांचा शिपाई. आणि दोघांत वर्षभर अबोला!"

"अगंबाई! थांबा, पट्टी घेऊन येते, मग सांगा."

मोजायची पट्टी आणायला त्या शेजारच्या खोलीत गेल्या. काकांनी हाताकडे पाहिलं. मनगटाजवळची, नेहमीच्या माशाची खूण टरारून फुगली होती. बाकीच्या निवांत होत्या. माशाच्या एका घासाने ज्या पोरांना उचलून दवाखान्यात न्यावं लागतं, त्यांचं यात भलं होतं, हे काकांना कळत होतं. लाज वाटत होती. तरी त्यांनी खुणा मोजल्या, हवी ती शोधली आणि तिच्यावर अंगठ्याचं नख दातओठ खाऊन ओढलं.

सिस्टर आल्या. पट्टी हातावर सरकत गेली आणि थांबली.

"तिसरा सपाट. पण हा चौथा कसा फुगला? यात तर नुसतं मिठाचं पाणी होतं."

"चौथा कुठला? तिसरा तो." काकांनी बोट ठेवून मोजून दाखवलं. "तळमजला. एक. दोन. तीन."

सिस्टरनी वाकून नखाची ती लाल रेघ पाहिली. काकांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मंगळवार संपले असते," ते कसेबसे म्हणाले.

तेवढ्यात दार ढकलून साहेब आत डोकावले. "काय आलं?"

"नवा मासा शून्य," सिस्टर म्हणाल्या. "मिठाच्या पाण्याच्या थेंबाला नख लागलंय. तेवढा दुसऱ्या हातावर परत घेते."

"शून्य!" साहेबांनी दाराच्या चौकटीलाच मिठी मारली. "घ्या, परत घ्या आणि सोडा मग काकांना. पंधरा मिनिटांत माणूस मोकळा होतो, उगाच ताटकळत कशाला ठेवायचं?"

"पंधरा?" काका म्हणाले. "तासाचा नियम आहे ना?"

"तासाचा? कुठल्या गाढवाने केला? पहिल्या दिवसापासून पंधरा मिनिटांचाच आहे!" दार उघडंच टाकून साहेब टाक्यांकडे पळाले.

सिस्टरनी मान वर केली नाही. त्या डब्याचं झाकण लावायला बघत होत्या आणि ते काही केल्या लागत नव्हतं.

काका उठले. सिस्टरना वाटलं, निघाले. पण काकांनी जाऊन ते दार आतून नीट ओढून घेतलं, परत येऊन खुर्चीत बसले आणि दुसऱ्या हाताची बाही वर सरकवली.

"हं," ते म्हणाले, "कुठवर आलो होतो आपण?"