साफ दिसतंय

"ही पण बसत नसेल तर आत्ताच सांगा," अम्बरीन म्हणाली. "पुन्हा पोलादपूरहून हेलपाटा मारायची ताकद नाही माझ्यात."

महाडच्या त्या दुकानात लॅपटॉप काउंटरवर पालथा पडला होता. झाकण काढून भरत नवीन रॅमची पट्टी उजेडात धरून बघत होता. मागच्या वेळी त्याने आणलेल्या पट्टीची खाचच जुळली नव्हती. त्याच्या आदल्या खेपेला महाडात लाइट नव्हती. आणि घरी तोच वैताग. कतारहून जुनैदचा कॉल लागला, की नवऱ्याच्या तोंडाचे चौकोन व्हायचे, चित्र थिजायचं आणि मग मशीनच बंद पडायचं. सासू म्हणायची, "तुलाच चालवता येत नाय गो."

जुनैदचं तर तिसरंच. "राहू दे गं. आवाज येतोय ना? बस झालं." अम्बरीनला सगळ्यात जास्त संताप यायचा तो या वाक्याचा. बायकोला तोंड दाखवायची या माणसाला निकडच नव्हती. म्हणून आज दुकानात येतोय हे तिने त्याला सांगितलंच नव्हतं.

सासू नुरजहाँ शेजारी स्टुलावर बसली होती. ओढणीने घाम पुसत ती भरतला सांगत होती, "सायब हाय माझा पोरगा तिकडं. कंपनीनं स्वतंत्र खोली दिलीय. एसीवाली."

"हो का?" म्हणत भरतने पट्टी तिरकी सरकवली आणि अंगठ्याने दाबली. टक् झालं. लॅपटॉप सुरू झाला तो कधी नव्हे इतका झटपट.

"इथंच कॉल लावून बघू," अम्बरीन म्हणाली. "घरी जाऊन पुन्हा डोकं फोडायचं नाही."

शुक्रवार, त्याच्या सुटीचा दिवस. रिंग गेली न गेली तोच जुनैदने कॉल घेतला. "बोल. आवाज येतोय?"

"आवाजाचं सोडा. तुम्ही दिसताय!"

खरंच दिसत होता. पापण्या हललेल्यासुद्धा कळत होत्या. नाकाचं कातडं सोललं होतं. कपाळावर हेल्मेटची आडवी रेघ होती. रेघेच्या वर गोरा, खाली काळा ठिक्कर. अम्बरीन हसत होती, ती थांबली.

नुरजहाँ स्टूल ओढत पुढे आली. "या अल्ला! रे, साफ दिसतोस की!" मग डोळे बारीक करून ती पडद्यावर वाकली. "पण मागं पलंगावर पलंग का रे? आणि ते वरून लोंबतायत, ते पाय कोणाचे?"

जुनैदच्या मागून लुंगी नेसलेला एक माणूस दोरीवरच्या कपड्यांखालून वाकून गेला. भरत पाठ फिरवून फळीवरच्या वायरी आवरायला लागला.

"दोस्ताकडं आलोय, अम्मा," जुनैद म्हणाला.

"मग तुझी खोली कधी दाखवशील?"

जुनैद अम्बरीनकडे बघत नव्हता. तो कॅमेऱ्याकडे सरकला. अजून सरकला. शेवटी सगळ्या पडद्यावर त्याचं एकट्याचं तोंड उरलं, कडेला कशालाच जागा नाही.

"मलाच बघ ना, अम्मा," तो म्हणाला.