चिंचेने घासलेला चाकू

चाकू लखलखत होता, आणि घोडं तिथेच अडलं होतं.

अरबाबच्या टेबलावर, चहाच्या इवल्याशा पेल्याशेजारी तो पडला होता. दोन पात्यांचा, हाडाच्या मुठीचा, खिशात मावणारा जुना अमेरिकन चाकू. अरबाब म्हणजे आखातातल्या, मुसफ्फातल्या या वर्कशॉपचा मालक. तरुणपणी टेक्सासला शिकायला गेला, तो हा चाकूंचा नाद घेऊनच परतला. चाकू विकत घ्यायचा तो आणि असली की नकली ते सांगायचा विलास, त्याचा फोरमन.

विलासची पद्धत ठरलेली. पात्याच्या मुळाशी ठोकलेलं कंपनीचं नाव भिंगातून बघायचं, पातं मिटताना आवाज ऐकायचा आणि शेवटी पात्यावरचा काळपटपणा न्याहाळायचा. जुन्या पोलादावर तो वर्षानुवर्षांच्या हाताळण्याने चढतो. विकत मिळत नाही. नकली माल करणारे पातं घासून चकचकीत करतात, म्हणून चकचकीत चाकू विलास भिंग न लावताच परत करायचा.

हा चाकू त्याने घरी नेऊन सावकाश तपासला होता. काल पेजर वाजल्यावर बूथवरून फोन करून अरबाबला सांगूनही टाकलं होतं की असली आहे, हंड्रेड परसेंट. हे त्याचं इथलं शेवटचं काम. व्हिसा रद्द करून कायमचं सांगलीला जायचं होतं. मुलगी मिहिका जूनपासून तिथे मामाकडे शिकत होती. या दिवाळीला येऊ ते परत न जाण्यासाठी, असं त्याने आणि बायकोने तिला कबूल केलं होतं.

आणि आज नेमकी खंडेनवमी. घरातलं सगळं लोखंड, पाने, पक्कड, कातरी, अगदी विळीसुद्धा, कार्गोने पुढे गेलेलं. पूजेला ठेवायला हत्यार म्हणून काही उरलंच नव्हतं. सकाळी विलास अंघोळीला गेला तेव्हा त्याच्या बायकोला, सुजाताला, कपाटात फडक्यात गुंडाळलेला हा चाकू सापडला. असलं कळकट हत्यार देवापुढे कसं ठेवायचं, म्हणून तिने तो चिंच-मीठ लावून तारेच्या घासणीने घासला. मग हळदकुंकू, फूल, अक्षता. विलास बाहेर आला तेव्हा ती निरांजन ओवाळत होती. त्याने कपाळावर हात मारला. ओरडला मात्र नाही. पूजा कोणाच्या सुखरूप घरी जाण्यासाठी चालली होती, ते त्याला दिसत होतं.

आता अरबाब पातं खिडकीच्या उजेडात धरून बघत होता. कितीही पुसलं तरी कंपनीच्या नावाच्या अक्षरांत थोडं कुंकू राहिलंच होतं. विलासच्या तोंडचं पाणी पळालं. चाकू बदलला असं याच्या मनात आलं तर? पोलीस, केस, आणि दोघांचे पासपोर्ट याच्याच ड्रॉवरमध्ये. वाटेत त्याने एक खोटं तयार केलं होतं. म्हणायचं, काल चुकलो, चाकू नकली आहे. विकणारा अमेरिकन केव्हाच मायदेशी गेला होता, त्याचं काही बिघडणार नव्हतं. पात्याची ही चकाकी बघून कोणालाही ते पटलं असतं. तो तोंड उघडणार, एवढ्यात सुजाताच बोलली. निरोप घ्यायला म्हणून ती बेसनलाडूंचा डबा घेऊन आली होती.

"अरबाब, मैंने साफ किया. पूजा के लिए. इनकी गलती नहीं है."

अरबाब तिच्याकडे बघत राहिला, मग हसला. त्याची आजीही आजोबांचा खंजीर असाच राखेने घासायची, म्हणाला. डबा उघडून त्याने एक लाडू खाल्ला, दुसरा घेतला. विलासचा जीव भांड्यात पडला.

"ऐसा दूसरा मिलेगा, विलास?"

विलासने विचारही केला नाही. चाकूबद्दल कोणी विचारलं की त्याच्या तोंडून खरं तेच निघायचं.

"मुश्किल है, अरबाब. दो-तीन साल में एकाध आता है."

अरबाबने मान डोलावली. ड्रॉवरमधून दोन्ही पासपोर्ट काढले, वरचा उघडून फोटो बघितला आणि तो सुजातापुढे सरकवला. मॅडमने बेटीकडे जावं, तिकीट आपल्याकडून, म्हणाला. दुसरा पासपोर्ट त्याने होता तिथे ठेवून दिला.

"तुम ऐसा एक ढूँढो, फिर जाओ. जल्दी मिलेगा, इन्शाल्ला. तुम्हारे बिना असली कौन पहचानेगा?"

चाकू त्याने विलासच्या हातात दिला. आता हा तुझ्या देवाचा, म्हणाला आणि मायेने त्याच्या खांद्यावर थोपटलं.

दोघं गाडीत बसून निघाले. सुजाताच्या मांडीवर तो एकच पासपोर्ट. तिला रडू येत होतं आणि स्वतःचाच राग येत होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "अहो, बाजारात नकली मिळतात ना? त्यातलाच एखादा द्या आणून. तुम्ही असली म्हटलंत की झालं. त्याला कुठे कळतंय?"

विलासने खिशातून चाकू काढला. पातं उघडलं, मिटलं. टक्. चिंचेने त्या आवाजाला काही केलं नव्हतं. त्याने पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा खुलला.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "नकलीला हा आवाज येत नाही."