पाच वाजता बंद

"परत म्हण बघू," ब्रश तारपिनात खळबळवत बाबा म्हणाले.

ती त्यांच्या पाट्या रंगवायच्या दुकानाच्या पायरीवर वही घेऊन बसली होती. दोन वर्षं ती एक परकी भाषा शिकत होती. कशाला शिकतेस, असं सगळे विचारायचे. ती काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. खरं एवढंच होतं, की त्या भाषेत तिनं अजून कुणाला दुखावलं नव्हतं.

मराठीत दुखावलं होतं. नऊ वर्षांपूर्वी आईच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "एवढी पाटी संपवतो, मग निघू." तासाभरानं काही फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तरी तिनं चार माणसांत त्यांच्या तोंडावर म्हटलं, "आई तुमच्यामुळे गेली." ते शब्द तिनं कधी मागे घेतले नाहीत. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं 'जेवलात का' आणि 'किल्ली कुठंय' यावर आलं होतं.

आज नकारार्थी वाक्यांचा धडा होता. पुस्तकातली वाक्यं संपल्यावर तिनं स्वतःच एक जुळवलं आणि बाबांकडे बघत म्हटलं. मग आणखी एकदा.

"गोड लागतं गं कानाला. अर्थ काय?"

तिनं नजर वहीत वळवली. "दुकान पाच वाजता बंद होतं."

बाबा खो खो हसले. "मजा आहे लेकांची! इथं आठ वाजले तरी गिऱ्हाईक हलत नाही. दे लिहून, दारावर लावतोच."

तिनं वहीचं पान फाडून दिलं.

"आधी मोठ्यानं वाच," बाबा म्हणाले. हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. "मागून चूक निघाली तर ती माझी नव्हे."

तिनं वाचलं. बाबांनी पान घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं. खरं काय ते उद्या सांगू, असं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा दुकानातल्या खुर्चीतच गेले.

पाचव्या दिवशी तिनं आत्याबरोबर दुकान उघडलं. भिंतीला टेकवून एक नवी पाटी वाळत ठेवली होती. निळ्यावर पांढरी अक्षरं. एकाचाही अर्थ ठाऊक नसताना प्रत्येक वळण, डोक्यावरचं बारीकसं टिंबसुद्धा, जसंच्या तसं उतरवलेलं. अक्षरांना सावली दिली होती. सावली ते मोजक्याच पाट्यांना देत.

"ही तुझी ती भाषा होय?" आत्या म्हणाली. "जायच्या आदल्या रात्री फोन केलान मला. म्हणे, पोरगी मला शिकवायला लागली. तेच एक वाक्य धरून बसला होता. दहादा म्हणून दाखवलं असेल."

तिनं पाटीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"वाच ना मोठ्यानं. वाचून घेतल्याशिवाय दादा पाटी हलू द्यायचा का?"

तिनं वाचलं. त्या भाषेत ते आजही सोपं गेलं.

"म्हणजे काय गं?"

'दुकान पाच वाजता बंद होतं' हे अगदी ओठांवर आलं होतं. तिनं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"चूक तुमची नव्हती, बाबा."